'घडी'चं मॅन्युअल

'घडी' कशी वापरायची हे सांगायला दादाने एकच ओळ लिहिली होती: 'वापरून बघा, कळेल.' लोकांनी फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्याने खाली आणखी एक ओळ घातली: 'नाही कळलं तर कोड वाचा.'

'घडी' हा त्याचा प्रोग्रॅम. छापखान्यात एका मोठ्या कागदावर पुस्तकाची बरीच पानं एकदम छापतात आणि मग तो कागद दुमडून कापतात. दुमडल्यावर पानं एकामागून एक नीट यावीत म्हणून ती कागदावर विचित्र क्रमाने मांडावी लागतात. पहिल्याच्या शेजारी शेवटचं, काही सुलटी, काही डोक्यावर उभी. ही मांडणी 'घडी' करून द्यायची. दादा दिवसा एका विमा कंपनीत नोकरी करायचा आणि उरलेल्या वेळात हे. प्रोग्रॅम ओपन सोर्स होता, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, कुणीही आतला कोड उघडून बघावा, हवं तर सुधारावा. सुधारायला फारसं कुणी आलं नाही. वापरायला मात्र पुष्कळ आले. छोटे छापखाने आले, शाळेचं मासिक काढणारे आले, स्वतःच्या कविता स्वतःच छापून स्वतःच वाटणारेही आले.

दादाची बहीण एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. घरात तिला सगळे धाकटी म्हणत, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. 'घडी'वरून तिची आणि दादाची नेहमीची जुंपायची.

"अरे, दोन पानं नीट लिही ना. माणसं बिचारी विचारून विचारून थकतात."

"ज्यांना कळत नाही त्यांनी वापरू नये."

"मलाही कळत नाही."

"तुला कशाला कळायला हवंय? तू ऱ्हस्वदीर्घ बघ."

यावर वहिनी स्वयंपाकघरातून हसायच्या. दादाचं कुजकट बोलणं कुणी फार मनावर घ्यायचं नाही, कारण कुणी अडलंच तर तोच रात्ररात्र बसून एकेकाला उत्तरं लिहायचा. फक्त ती उत्तरंही कोडइतकीच दुर्बोध असायची.

मग एका सकाळी दाढी करता करता दादा न्हाणीघरात खाली बसला आणि त्याला उठता येईना. वहिनींनी दार ठोठावलं तेव्हा आतून नुसता नळ वाहत असल्याचा आवाज येत होता. मेंदूत रक्ताची गुठळी. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय हळूहळू परत आला. शब्द आले नाहीत. तीनच उरले: 'हो', 'अगदी' आणि 'तेच ते'. आणि तेही जुन्याच ठसक्यात, कपाळाला आठी, मान किंचित तिरकी. समोरचा म्हणतोय ते बरोबर आहे, पण त्याला जरा उशिराच सुचलं, असा थाट. नवख्या माणसाला वाटावं, गृहस्थ मितभाषी दिसतात.

इकडे 'घडी'च्या पानावर प्रश्न येतच होते. प्रोग्रॅमला हातभार लावणारा एकच माणूस होता, दूर कुठल्यातरी शहरातला. तो 'घुबड' या नावाने लिहायचा, त्याचं खरं नाव दादालाही माहीत नव्हतं. धाकटीने त्याला दादाची हकिगत कळवली. त्याचं उत्तर आलं: 'ताई, वाचून हातपाय गळाले. मी फक्त अक्षरांचा भाग बघतो. मांडणीचा भाग दादांचा आहे, तिथे हात घालायची माझी छाती नाही. तो कसा चालतो हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे.'

तो एक माणूस त्या वेळी गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे बघत होता. धाकटीच्या मनाने तिथेच घेतलं. दादाला बोलता येत नसलं तरी समजतंय. डोळे तेच आहेत. त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि लिहायचं. 'घडी'चं मॅन्युअल आता आपण लिहायचं.

शनिवार-रविवार दुपारी ती यायला लागली. दादाच्या खोलीत त्याच्या जुन्या टेबलापाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी लावायची, माउस डाव्या बाजूला घ्यायची आणि सुरू करायची.

"दादा, हे बटण दाबलं की काय होतं?"

दादा डावा हात उचलून माउसवर ठेवायचा. बाण पडद्यावर इकडेतिकडे भटकायचा आणि कधीतरी बटणावर यायचा. पान फिरायचं.

"म्हणजे पान उलटं होतं. डोकं खाली?"

"हो."

"समोरच्या पानाशी डोक्याला डोकं लागावं म्हणून?"

"अगदी."

ती टाइप करायची. वहिनी चहा आणून ठेवायच्या, दाराशी क्षणभर थांबायच्या आणि दार ओढून घ्यायच्या.

लिहायचं कसं, याचं धाकटीने कुठे शिक्षण घेतलं नव्हतं, पण दुसऱ्यांचं लिहिलेलं दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला होता. तिने आधी लोकांचे जुने प्रश्न सगळे वाचून काढले. मॅन्युअल उघडणारा माणूस निवांत नसतो, हे त्यातून तिला कळलं. त्याचा कागद आणून पडलेला असतो, गिऱ्हाईक फोनवर असतं, आणि आपल्यालाच तेवढं येत नाही अशी त्याची खात्री झालेली असते. म्हणून तिने प्रत्येक पानाच्या वर लिहिलं, हे पान संपेल तेव्हा तुमच्या हातात काय असेल. एका वाक्यात एकच काम सांगितलं. 'सहज', 'अर्थातच', 'नुसतं' असले शब्द दिसतील तिथून उपटून काढले, कारण ज्याला जमत नसतं त्याला ते शब्द थोबाडीत मारल्यासारखे लागतात. कुठे चूक होऊ शकते, आणि झाली तर मागे कसं यायचं, तेही लिहिलं.

पहिले भाग तिने 'घडी'च्या पानावर चढवले. आठवड्याभरात एकाने लिहिलं, 'इतकी वर्षं वापरतोय. पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी बोललं.' तिने ते दादाला मोठ्याने वाचून दाखवलं.

"अगदी," दादा म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्याही आलं. लहानपणी तो तिला गणित शिकवायचा, त्यानंतर इतका वेळ दोघं एका टेबलाशी कधी बसलीच नव्हती.

'बरं झालं एका अर्थी,' असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं.

सोपे भाग संपले आणि ती अवघड रकान्यांपाशी आली. त्यातला एक होता 'सरक'. जाड कागद एकात एक घालून दुमडले की आतले कागद कडेने बाहेर डोकावतात. नंतर सगळी कडा कापून सारखी केली की आतल्या पानांचा समास जास्त जातो. म्हणून आतल्या पानांवरचा मजकूर आधीच थोडासा मधल्या घडीकडे ढकलून ठेवायचा असतो. किती ढकलायचा, तो आकडा 'सरक'मध्ये टाकायचा. एवढं तिला छापखान्याच्या ओळखीमुळे माहीत होतं. पण आकडा साधा टाकायचा की वजा? साध्याने मजकूर घडीकडे जातो की कडेकडे?

तिने ऑफिसच्या पातळ कागदावर थोडी पानं छापून पट्टी लावून पाहिली. फरक केसाएवढा, काही कळेना. मोठा आकडा टाकून बघावं हे तिला सुचलं नाही. सुचायची गरजच वाटली नाही, कारण ज्याने लिहिलं तोच शेजारी बसला होता.

"दादा, साधा आकडा टाकला की मजकूर आत जातो ना?"

"हो."

"आत म्हणजे घडीकडे."

"अगदी."

तिने लिहिलं: 'साधा आकडा टाका. मजकूर घडीकडे सरकेल आणि समास सुरक्षित राहील.'

मॅन्युअल पूर्ण झालं तेव्हा घुबडाने 'घडी'च्या पानावर मोठ्या अक्षरांत बातमी लावली. दादाचं नाव वर, तिचं खाली, अशी तिनेच अट घातली होती. वहिनींनी त्या दिवशी दादाला नवा सदरा घातला. तिघांनी मिळून फोटो काढला. फोटोत दादा कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुठेतरी बघत होता, पण तो आधीही फोटोत तसाच असायचा.

तो निरोप आला तेव्हा धाकटी ऑफिसात होती. कुठल्यातरी लहान गावात नवऱ्याबरोबर छापखाना चालवणाऱ्या एका बाईंनी लिहिला होता.

'नमस्कार. औषधी झाडांची सचित्र पुस्तिका आम्ही जाड कागदावर छापली. "सरक" तुमच्या मॅन्युअलप्रमाणे लावली. मधल्या पानांवरचे आकडे आणि झाडांच्या नावांची शेवटची अक्षरं कापली गेली. मजकूर आत जायच्याऐवजी बाहेर गेला होता. छापून, पिना मारून, कापून झाल्यावर लक्षात आलं. सगळी आवृत्ती रद्दीत गेली, गिऱ्हाईकही गेलं. मी रागावून लिहीत नाही. "घडी" फुकट आहे, तुमच्यावर माझा काही हक्क नाही. एरवी मी एक प्रत आधी कापून बघते. या वेळी बघितली नाही, कारण इतकं नीट लिहिलं होतं की लिहिणाऱ्याला सगळं माहीत असणार असं वाटलं. तेवढं पान दुरुस्त करा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही.'

धाकटीने ते दोनदा वाचलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिव्यांना निदान उत्तर देता येतं.

डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली ती थेट दादाकडे. शनिवार नव्हता. वहिनींनी दार उघडलं आणि तिचा चेहरा बघून त्या बाजूला झाल्या. दादा पलंगाच्या कडेवर बसला होता, एका पायात चप्पल, दुसरी हातात. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"दादा, 'सरक'चं सांग. साधा आकडा टाकला की मजकूर आत जातो?"

"हो."

"की बाहेर जातो?"

"हो."

"नीट ऐक हं. बाहेर जातो? कडेकडे?"

"अगदी," दादा म्हणाला. कपाळाला तीच आठी, मान तशीच तिरकी.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "दादा, मी तुझी आई ना?"

"हो," तो म्हणाला, आणि तिच्या गालाला हात लावून हसला. "तेच ते."

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होत्या. त्यांची तिच्याकडे पाठ होती आणि ती त्यांनी तशीच ठेवली.

"वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"दादा सगळ्यालाच हो म्हणतो."

वहिनींनी हातातलं पातेलं कोरडं झालं होतं तरी पुन्हा पुसलं. "चहा हवा का विचारलं तरी हो, नको का विचारलं तरी हो. ती बोलायला शिकवणारी बाई पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, यांच्या हो-नाहीवर जाऊ नका. यांना शब्द ऐकू येतात, अर्थ पोचतोच असं नाही."

"मग मला का नाही सांगितलंत? मी इतके महिने..."

"काय सांगणार होते?" वहिनी वळल्या. "तू यायचीस तेव्हा हे खुर्चीत नीट बसायचे. एरवी दिवसभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अंघोळीला नेताना मला ढकलून देतात, हे बघ," त्यांनी बाही वर करून दंडावरचा काळानिळा डाग दाखवला आणि लगेच बाही खाली ओढली. "तुम्ही दोघं तिकडे बसलात की मी इकडे आडवी व्हायचे. आठवड्यात तेवढीच काय ती झोप. तुला सांगितलं असतं तर तू यायची बंद झाली असतीस."

"झाले नसते."

"झाली असतीस गं. बहीण म्हणून आली असतीस, अर्धा तास बसली असतीस, रडली असतीस आणि गेली असतीस. सगळे तेच करतात." मग त्या म्हणाल्या, "आणि मला वाटलं, मॅन्युअल काय, कोण वाचतंय!"

धाकटीला हसू फुटलं आणि ते मध्येच कुठेतरी बिघडलं. वहिनींनी तिच्या हातात फडकं दिलं. दोघींनी उरलेली भांडी पुसली. वहिनींचा राग करावा असं तिला वाटत होतं, पण राग येईना. त्या दंडावरचा डाग तिला आजवर दिसला नव्हता. दर आठवड्याला त्यांच्याच हातचा चहा तिने घेतला होता.

घरी येऊन तिने घुबडाला सगळं कळवलं आणि विनंती केली की छाती असो नसो, दादाच्या भागात शिरा आणि मॅन्युअलमधलं एकूण एक वाक्य कोडशी ताडून बघा. तोवर 'सरक'चं पान तिने उतरवलं, आणि छापखान्याच्या बाईंना उत्तर लिहायला बसली. चूक माझी आहे, एवढं एकच वाक्य शेवटी तिला खरं वाटलं. तेवढंच पाठवलं.

घुबडाला बरेच दिवस लागले. मग त्याने फोन केला. त्याचा आवाज तिने पहिल्यांदाच ऐकला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा तो बराच म्हातारा होता.

"ताई, पडद्यावर जे दिसतं त्याबद्दलचं सगळं बरोबर आहे. ते तुम्ही डोळ्यांनी पाहून लिहिलंय. पुढच्या भागात मात्र गडबड आहे. काही बरोबर आहे, काही बरोबर उलटं आहे."

"आणि ते 'स्थिर' नावाचं बटण? त्याला तर दादा खूप वेळ माउस लावून बसला होता."

"त्याच्यामागे काहीच नाही, ताई."

"म्हणजे?"

"दादांनी नुसतं बटण करून ठेवलंय. आतलं लिहायचं राहून गेलं. दाबलं तरी काही होत नाही."

"पण मी त्याच्यावर अख्खं पान लिहिलंय."

"हो, वाचलं मी," तो म्हणाला. "छान लिहिलंय."

फोन ठेवल्यावर धाकटीने ते पान उघडलं. खरंच छान होतं. 'कागद छपाईत किंचित हलतो, अशा वेळी "स्थिर" दाबून ठेवल्यास...' ओळीला ओळ कशी लागली होती. त्या दुपारी दादाने तिला हे समजावून सांगितलं, असं तिला स्वच्छ आठवत होतं. आता तिने पुन्हा आठवून पाहिलं. कागद हलतो म्हणून का, हे तिनेच विचारलं होतं. मजकूर जागेवर राहतो का, हेही तिनेच. बोलली होती ती एकटीच. तो प्रत्येक वेळी तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि ती ज्या सुरात विचारेल त्याच सुरात तिला परत देत होता. जगात एकाच माणसाला ठाऊक असलेलं ते ज्ञान न्हाणीघराच्या फरशीवरच संपलं होतं. त्यानंतर ती आपल्याच अंदाजांवर त्याची सही घेत होती.

तिने मॅन्युअल पुन्हा लिहिलं. या वेळी एकटीने, आपल्या घरी. घुबडाने खात्री दिली तेवढंच ठेवलं. बाकी प्रत्येक रकान्यापुढे लिहिलं: 'हा नेमकं काय करतो ते आम्हाला माहीत नाही. महत्त्वाच्या कामात वापरू नका.' अशी वाक्यं इतकी झाली की पानं विरळ दिसायला लागली. पूर्वी मिळाली तशी शाबासकी या मॅन्युअलला कुणाचीच मिळाली नाही. एकाने तर लिहिलं, 'लिहिणाऱ्यालाच माहीत नाही तर लिहिता कशाला?'

लोक हळूहळू दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेले. मांडणीचा भाग नव्याने लिहून काढावा असं घुबडाने एकदोनदा मनावर घेतलं, पण त्याचेही डोळे आता साथ देत नव्हते. वर्ष संपता संपता त्याने 'घडी'च्या पानावर सूचना लावली की यापुढे यात सुधारणा होणार नाहीत, प्रश्नांना उत्तरं मिळणार नाहीत. खाली त्याने दादाचे आभार मानले होते. धाकटीचेही मानले होते. तिने ते वाचून पान बंद केलं आणि पुढ्यातलं मुद्रित ओढलं.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आता तू यायची नाहीस."

"येईन."

ती येत राहिली. शनिवारी दुपारी वहिनींना ती आत झोपायला पाठवायची, नाहीतर बाजारात. दादाला खुर्चीत बसवायची. आधी आधी ती वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची, मग तेही सोडून दिलं. तिच्या आवाजाने तो मान डोलवायचा आणि ते बघवायचं नाही. काही दिवस तो नीट बसायचा, काही दिवस उठून भिंतीकडे जायचा. एकदा त्याने तिलाही ढकललं. तिने वहिनींना सांगितलं नाही.

असाच एक शनिवार. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. दादाची नखं वाढलेली दिसली म्हणून धाकटीने त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं, मांडीवर टॉवेल घेतला आणि त्याचा उजवा हात त्यावर ठेवला. लुळ्या हाताची बोटं आत वळलेली असतात, ती एकेक सोडवून सरळ करावी लागतात. तिने अंगठ्यापासून सुरुवात केली. मधल्या बोटाशी नखाबरोबर थोडी कातडीही आली आणि रक्ताचा बारीक थेंब वर आला. दादाने हात मागे घेतला नाही. तो खिडकीबाहेर बघत होता.

दुखलं का, असं तिने विचारलं नाही. टॉवेलच्या कोपऱ्याने बोट दाबून धरलं, थेंब थांबला का ते स्वतःच पाहिलं, आणि पुढचं बोट उघडलं.